टायफॉइड नव्हता तो

दादाला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सिस्टरने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत त्याचं घड्याळ, बेल्ट, मोबाईलचा चार्जर आणि ॲडमिट होताना खिशात सापडलेली सात रुपयांची चिल्लर. इथे सही करा म्हणाली, केली. एकोणीस दिवस वॉर्डात जे जे त्याच्यापासून लांब ठेवलं होतं ते सगळं पाच मिनिटांत आमच्या ताब्यात आलं आणि सोबत तोही. डिस्चार्ज कार्डवर सगळ्यात खाली 'पंधरा दिवसांनी दाखवणे' आणि कोणाची तरी वाचता न येणारी सही, बस. रिक्षात बसल्यावर आईने पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, सुटलो बाई एकदाचे.

मलाही तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू.

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाचा वर चढतो, कधी पार तळाला जातो. हे लिहायचं मी जवळजवळ दीड वर्ष टाळतेय. दादाला विचारून लिहितेय, त्याने वाचलं, दोन गोष्टी काढायला लावल्या आणि एक ठेवायला लावली (मिसळीच्या ट्रकचं राहू दे म्हणाला, तेवढंच काय ते विनोदी आहे).

तर मिसळीचा ट्रक. त्या वर्षी होळीच्या आसपास दादा चढला. 'चढला' हा आमच्या घरातला शब्द, डॉक्टर मेनिया म्हणतात. रात्री जेमतेम दोन तास झोप आणि पहाटे साडेचारला पोहे करून अख्ख्या घराला उठवणार, डोळे असे चमकतायत की बघवत नाही. बीकेसीत मिसळीचा ट्रक काढायचा होता त्याला. लोगो तयार, मेन्यू तयार, पाच शहरांच्या फ्रँचायझीचा हिशोब तयार, फक्त ट्रक नव्हता आणि त्याला मिसळ करता येत नव्हती. दोन लोन ॲप, एक पर्सनल लोन, आईची एक एफडी मोडली, ऑफिसच्या ग्रुपवर रात्री अडीच वाजता साहेबांना सव्वीस मेसेज. आणि मग जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसा तो खाली आला, हळूहळू नाही, धाडकन. आंघोळ नाही, बोलणं नाही, ताटातला भात चिवडत बसायचा. जुलैच्या एका रात्री तो माझ्याशी जे बोलला ते काढायला लावलेल्या दोन गोष्टींपैकी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या पायाने ॲडमिट व्हायला आला, हे मात्र लिही म्हणाला.

एकोणीस दिवसांनी घरी आला आणि सहा दिवसांवर गणपती. आमचा दीड दिवसाचा असतो, पण त्या दीड दिवसात भांडुपच्या त्या वन बीएचकेमध्ये साठ-सत्तर माणसं येऊन जातात. आईने परस्पर सगळ्यांना टायफॉइड सांगून टाकला होता. मग काय, जो येईल तो सोफ्यावर बसलेल्या दादाला बघून, अरे किती वाळलास, पाणी उकळून पी, बाहेरचं खाऊ नकोस. खालच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस आणून दिला, तो लोक डेंग्यूला देतात पण असो. दादा बिचारा प्रत्येकाला हो काकू, हो काका करत होता आणि त्याचा हात मांडीवर बारीक थरथरत होता. लिथियमने, म्हणजे बायपोलरसाठी दिलेल्या औषधाने, होतं तसं. कोणीतरी ते बघून म्हणालंच, अशक्तपणा आहे अजून.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं आणि कोणीच नीट बसवून सांगितलं नाही ते आता सांगते, कारण ह्या पोस्टचा मुद्दाच तो आहे. मानसिक आजारासाठी ॲडमिट होऊन घरी आलेल्या माणसासाठी घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. ॲडमिट व्हायच्या आधीचे तर असतातच, पण नंतरचे पण. आपण डिस्चार्ज म्हणजे शेवट समजतो. अपेंडिक्स काढलं, टाके काढले, झालं. इथे तसं नसतं.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या काही डॉक्टरांनी जगभरातले १०० अभ्यास एकत्र करून बघितले होते. मनोरुग्ण वॉर्डातून घरी गेलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण वर्षाला लाखामागे ४८४ निघालं, आणि फक्त पहिले ३ महिने वेगळे काढले तर तोच वेग लाखामागे ११३२. तुलनेला म्हणून, २०२२ मध्ये भारताच्या एकूण लोकसंख्येचा एनसीआरबीचा (गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) आकडा लाखामागे १२.४ होता. हे अभ्यास सगळ्या मानसिक आजारांचे मिळून आहेत, नुसत्या बायपोलरचे नाहीत, आणि देशही वेगवेगळे, त्यामुळे थेट भागाकार करत बसू नका. पण बायपोलर हा मुळातच जास्त जोखमीचा आजार आहे, सर्वसाधारण लोकांपेक्षा वीस ते तीस पट असं डॉक्टर लोक मानतात.

हे आकडे मी पहिल्यांदा रात्री एकटीने वाचले आणि हातपाय गार पडले होते, म्हणून लगेच दुसरी बाजू पण लिहिते. ११३२ हा वर्षाचा वेग आहे, तीन महिन्यांपुरता धरला तर हजार माणसं घरी गेली त्यातली साधारण तीन. म्हणजे नऊशे सत्त्याण्णव त्या तीन महिन्यांतून पार पडतात. घाबरून माणसाला कोंडून ठेवायचा हा आकडा नाहीये. पण रस्ता क्रॉस करताना आपण पोराचा हात धरतोच ना, तेवढा धरायचा हा आकडा नक्की आहे.

आणि हॉस्पिटलमुळे असं होतं असंही नाही हां. मुळात जे सगळ्यात जास्त आजारी असतात तेच ॲडमिट होतात. तिथे थोडं स्थिर झालं की बेड रिकामा करायचा असतो, म्हणजे घरी येतो तो माणूस बरा झालेला नसतो, धोक्याच्या वरच्या पायरीवरून दोन पायऱ्या खाली आलेला असतो इतकंच. जिना अजून बराच बाकी असतो.

त्यात बायपोलरचं एक वेगळंच आहे. डिप्रेशनमधून वर येताना कधीकधी अंगातली ताकद आधी परत येते आणि मन मागून येतं. जुलैमध्ये दादाला पाण्याचा ग्लास उचलवत नव्हता, ऑगस्टच्या शेवटी तो फिरत होता, जेवत होता, पण आतलं तसंच होतं. काही जणांचं तर दोन्ही एकदम चालतं, मन तळाला आणि अंगात इंजिन सुरू, त्याला मिक्स्ड एपिसोड म्हणतात आणि ते फार वाईट. फिनलंडमध्ये बायपोलरच्या पेशंट्सचा डिस्चार्जनंतर पुढे मागोवा घेतला होता, त्यातही हेच दिसलं की डिप्रेशन किंवा मिक्स्डमध्ये ॲडमिट झालेल्यांना मेनियात ॲडमिट झालेल्यांपेक्षा नंतर धोका जास्त.

आणि तिसरं म्हणजे शुद्धीवर येणं. हे कुठल्या अभ्यासात नाही बघितलं, घरात बघितलं. वॉर्डात वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण, मोबाईल नाही. घरी आल्यावर मोबाईल चालू केला की लोन ॲपवाल्यांचे मेसेज, साहेबांना पाठवलेले ते सव्वीस मेसेज अजून तिथेच, एचआरचा मेल, मोडलेली एफडी. चढलेला असताना जे जे केलं त्याचं बिल एकदम समोर येतं आणि तेही अशा वेळी जेव्हा माणसाकडे ते भरायची मनाची ताकद शून्य असते. आम्ही काय केलं, तर 'त्याला टेन्शन नको' म्हणून त्याच्यासमोर विषयच काढायचा नाही असं ठरवलं. सगळं घर कुजबुजत होतं. त्याला ते ऐकू येत नसेल असं आम्हाला कसं वाटलं देव जाणे, वन बीएचके आहे आमचं.

घरी आल्याला अकरा दिवस झाले तेव्हा तो एकदम शांत झाला. कपाट आवरलं. जुने कपडे वेगळे काढले. त्याचा तबला, अकरावीत असताना बाबांनी घेऊन दिलेला, वरच्या मजल्यावरच्या पोराला देऊन आला. आई इतकी खूश, बघ गं माणसात आला. संध्याकाळी त्याने मला वहीचं एक पान दिलं, बँकेचे पासवर्ड, पीएफचा नंबर, सगळं सुवाच्य अक्षरात. असू दे तुझ्याकडे म्हणाला.

मला तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. पण ते सुवाच्य अक्षर बघून पोटात गोळा आला, कारण दादाचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. एवढं नीट तो कशासाठी लिहील?

रात्री एकच्या सुमारास तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठला, मी मागून गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. विचारलं, दादा मरायचे विचार येतायत का. असंच, सरळ. त्याने ग्लास विसळला, नळ बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. येतात म्हणाला. रोज. मग म्हणाला आईला सांगू नकोस आणि चहा टाक.

असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती मलाही होती, सगळ्यांना असते. तसं होत नाही, ह्यावर भरपूर अभ्यास झालेत, उलट विचारल्याने माणूस थोडा सैल होतो. पण गोल गोल विचारून उपयोग नाही. 'तुला बरं वाटतंय ना' ला उत्तर 'हो' असतं. 'वेडेवाकडे विचार नाही ना करत' ला उत्तर 'नाही' असतं, कारण आपल्याला नाहीच ऐकायचंय हे प्रश्नातच असतं.

पुढे तीन वाजेपर्यंत आम्ही काय बोललो ते नको. आईला सांगणार नाही असं वचन मी दिलं नाही एवढं सांगते. त्या रात्री मी त्याला एकटं सोडलं नाही आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, आईच्या बीपीच्या धरून, माझ्या ऑफिसच्या बॅगेत घालून बॅग उशाशी घेऊन झोपले. सकाळी ओपीडी. गेटवरचा माणूस म्हणाला तुमची तारीख आज नाहीये. हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही मला, तिथल्या सिस्टर चांगल्याच होत्या, पण त्या गेटवर मी जे बोलले ते आमच्या भांडुपच्या नळावर पण कोणी बोललं नसेल. शेवटी एक रेसिडेंट डॉक्टर बाहेर आली. बावीस-तेवीस वाटली मला, अर्थात जास्तच असणार. तिने चाळीस मिनिटं दिली. औषधं बदलली, परत ॲडमिट व्हायचं का विचारलं, दादा नको म्हणाला, तर ती म्हणाली ठीक आहे पण तीन दिवसांनी यायचं, पंधरा नाही. आणि एक कोरा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

तो कागद आता आमच्या फ्रीजवर आहे. सेफ्टी प्लॅन म्हणतात त्याला. दादाच्याच अक्षरात, म्हणजे वाचायला त्रास होतो. पहिल्यांदा, गडबड सुरू झाली हे कशावरून ओळखायचं: तीनला जाग, फोन सायलेंट, आंघोळ टाळणं, आणि 'चिमीशी विनाकारण गोड बोलणं' (चिमी म्हणजे मी). मग एकट्याने काय करायचं. मग कोणाकडे जाऊन नुसतं बसायचं, काही न बोलता. मग कोणाला सांगायचं. मग डॉक्टर, आणि १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन. आणि शेवटी, घरात काय ठेवायचं नाही. आमच्याकडे तेव्हापासून औषधं एका आठवड्याचीच असतात, बाकीची मावशीकडे गिरगावात. दर रविवारी तिच्याकडे जावं लागतं, मावशी जेवल्याशिवाय सोडत नाही, माझं वजन चार किलो वाढलंय. अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या माजी सैनिकांसोबत असा कागद बनवून वर नंतर फोन करत राहिले, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न वगैरे ४५ टक्क्यांनी कमी दिसले, २०१८ चा अभ्यास आहे. एक कागद आणि थोडे फोन!

लिथियमबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण व्हॉट्सॲपवर त्याबद्दल फार काय काय फिरतं. १९४९ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, आणि मूड डिसऑर्डरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत सगळ्यात जास्त पुरावा ज्या औषधाचा आहे ते हेच. पण ते लाडाचं औषध आहे, सांभाळावं लागतं. कामाची पातळी आणि त्रासाची पातळी ह्यात अंतर कमी, म्हणून रक्त तपासत राहायचं, शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. थायरॉइड आणि किडनीची टेस्ट अधूनमधून. जुलाब-उलट्या झाल्या, ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम झालात आणि पाणी कमी प्यालात, बीपी म्हणून अचानक मीठ सोडलंत, पाठ दुखते म्हणून मनानेच ब्रुफेन घेत बसलात, की रक्तातलं लिथियम वाढतं. आईने नवरात्रात दादाच्या नावाने कडक उपास बोलला होता आणि तो दादानेच करायचा होता. डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला तेव्हा कुठे ऐकलं. देवीला आता आई स्वतः उपास करते. आणि बरं वाटायला लागल्यावर गोळ्या मनाने बंद करणं, हे तर सगळ्यात वाईट, लिथियम एकदम तोडलं की आजार उलटून येऊ शकतो.

कायद्याचं पटकन. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या कलम ९८ प्रमाणे डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी पेशंटशी, तो ज्यांच्यासोबत राहणार त्या घरच्यांशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढचा प्लॅन ठरवायचा असतो. आम्हाला माहीत असतं तर पिशवीवर सही करायच्या आधी खुर्ची ओढून बसले असते मी. पंधरा दिवस नको आठवड्याच्या आत तारीख द्या, रात्री काही झालं तर कुठला नंबर, कुठली लक्षणं दिसली की थेट आणायचं, हे सगळं लिहून मागितलं असतं. विम्यातही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं हाच कायदा सांगतो, आमच्या विमा कंपनीला ते पटायला तीन मेल लागले. आणि पोलिस केस होईल म्हणून लोक प्रयत्न झाल्यावरही माणसाला हॉस्पिटलला न्यायला घाबरतात, तर कायदा आता असं धरून चालतो की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याच्यावर खटला नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाहीये. त्यामुळे न्या. केईएम, सायन, नायर, कुठेही इमर्जन्सीत, तारीख असो नसो. रात्री काही सुचत नसेल तर टेलिमानसचा १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. मी स्वतः दोनदा लावलाय, दादासाठी नाही, माझ्यासाठी.

आता मावसभावाचं सांगून थांबते. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने एक साधी गोष्ट केली होती. हॉस्पिटलमधून घरी गेलेले आणि पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ लोक, त्यातल्या निम्म्यांना अधूनमधून दोन ओळींचं पत्र पाठवायचं. कसे आहात, बरं चाललं असेल अशी आशा, वाटलं तर कळवा. औषध घ्या नाही, ओपीडीला या नाही, उपदेश नाही. पाच वर्षांत २४ पत्रं. पहिली दोन वर्षं पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या.

मी हे मावसभावाला जेवताना सांगितलं असेल, तो ऐकत होता असंही मला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दादाला रोज दुपारी चारला मेसेज टाकायला सुरुवात केली, 'चहा झाला का'. बस, एवढाच. दादा बघायचा, दोन निळ्या टिक, उत्तर नाही. आठवडा गेला, महिना गेला, दिवाळी गेली. मी मावसभावाला म्हटलं जाऊ दे रे, वैतागेल तो. म्हणाला मी कुठे उत्तर मागतोय.

डिसेंबरात कधीतरी मी लोकलमध्ये होते, घाटकोपरला चढले आणि कसाबसा फोन काढला तर मावसभावाचा स्क्रीनशॉट आलेला. वर सगळे त्याचेच मेसेज, चहा झाला का, चहा झाला का, चहा झाला का, आणि खाली दादाचं उत्तर, 'रोज रोज काय तेच विचारतोस रे गाढवा'.

खाली मावसभावाने लिहिलं होतं, सात शब्द!! मोज!!